उमाला एकटीनं गाऊ द्या

प्रति,
जुन्या हिंदी गाण्यांचे कार्यक्रम बसवणारे आयोजक, निवेदक आणि कराओके ग्रुप चालवणारे सर्व जण,

सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीत सुगम संगीताचा क्लास घेते. त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. शाळेतल्या मुली येतात, पण जास्त भरणा चाळिशी उलटलेल्या बायकांचा. मुलं मोठी झाली, सासूबाईंचं आजारपण निस्तरलं, आता थोडं स्वतःसाठी गाते, असं म्हणत आलेल्या. त्यातल्या कितीतरी जणी तुमच्या कार्यक्रमांत गातात. तुमच्यामुळे त्यांच्या हातात माइक येतो. हॉलचं भाडं, साउंड, वादकांचं मानधन, वर तिकिटं खपवायची धावपळ, हे सगळं तुम्ही बहुतेक वेळा पदरमोड करून निभावता हे मला ठाऊक आहे. जो ऐकून घेईल असं वाटतं त्यालाच माणूस सांगायला जातं, म्हणून हे पत्र.

२०२३ साली 'अभिमान' या हिंदी सिनेमाला पन्नास वर्षं झाली. आमच्याकडे त्या निमित्तानं एक कार्यक्रम ठरला. कुणी ठरवला, कुठे झाला, ते सांगत नाही. त्या एका ग्रुपला बोल लावायचा नाहीये, कारण नंतर मी आणखी पाच-सहा कार्यक्रमांच्या याद्या पाहिल्या आणि सगळीकडे हेच होतं. गाण्यांची यादी व्हॉट्सॲपवर आली. 'मीत ना मिला रे मन का' सुरुवातीला. 'तेरी बिंदिया रे', 'लूटे कोई मन का नगर' आणि 'तेरे मेरे मिलन की ये रैना' ही तिन्ही युगुलगीतं होती. 'नदिया किनारे'पुढे कंसात लिहिलं होतं, 'वेळ उरल्यास'. 'अब तो है तुमसे हर खुशी अपनी' नव्हतं. 'पिया बिना' नव्हतं.

माझी एक विद्यार्थिनी तीन महिने 'पिया बिना' बसवत होती. तिचं नाव इथे घेणार नाही. फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "ताई, ती गाणी स्लो आहेत. लेडीज सोलो लागोपाठ आले की पब्लिक चहाला उठतं. त्यापेक्षा त्यांचे मिस्टरही गातात ना, दोघांना 'तेरी बिंदिया' देऊन टाकू. नवरा-बायको म्हटलं की टाळ्या जास्त पडतात."

तिनं ते घेतलं. मीही फार ताणून धरलं नाही, याची मला आजवर रुखरुख आहे.

आता थोडं 'अभिमान'च्या गाण्यांबद्दल बोलू या. तुम्ही ती शेकडो वेळा वाजवली आहेत, तुम्हाला पाठ आहेत. तरी एकदा बोटांवर मोजा. सिनेमात सात गाणी आहेत. नायक सुबीर लोकप्रिय गायक, पण त्याच्या वाट्याला एकट्याचं गाणं एकच आलं आहे, 'मीत ना मिला'. त्यानंतर संपूर्ण सिनेमात तो एकटा गातच नाही. त्याच्या बायकोला, उमाला, मात्र तीन गाणी एकटीची आहेत आणि उरलेल्या तिन्ही युगुलगीतांत ती आहेच. सातांपैकी सहा गाण्यांत लताबाईंचा आवाज आहे. सुबीरचा आवाज मात्र बदलत राहतो. 'मीत ना मिला'ला किशोरकुमार, 'तेरी बिंदिया'ला रफी, 'लूटे कोई मन का नगर'ला मनहर उधास, आणि शेवटी पुन्हा किशोरकुमार. पडद्यावर एकच अमिताभ आणि त्याला तीन गळे. उमा झालेल्या जया भादुरीला तिच्या सहाही गाण्यांत एकच गळा. त्यामागची कारणं काही असोत, ऐकणाऱ्याच्या कानावर परिणाम एकच होतो. घरातला एक आवाज हलत राहतो, दुसरा जागेवर ठाम आहे. मत्सराची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमात याहून नेमकं काय हवं? संवाद बंद करून नुसती गाणी क्रमानं ऐकलीत तरी कळतं की कुणाचा पाय घसरतो आहे.

आणि उमाचा आवाज आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो गाण्यातून नाही. सुबीर मावशीकडे गावी जातो आणि तिथे त्याच्या कानावर शिवस्तुती पडते. तो आवाज अनुराधा पौडवाल यांचा. चित्रपटासाठी त्या पहिल्यांदा गायल्या ते हेच. त्यांचे पती अरुण पौडवाल सिनेमाचे संगीतकार सचिनदेव बर्मन यांचे सहायक होते. त्या काही ओळींना साथसंगत जवळजवळ नाहीच. टाळ्यांचा, तिकिटाचा, रेकॉर्डचा संबंधच नाही. उमा तिथे कुणासाठीच गात नाही. वडिलांनी शिकवलं, सकाळी देवापुढे म्हणायचं, एवढंच तिचं गाणं. तिला माइकसमोर उभं करतो तो सुबीर. ती नको म्हणत असते. तो हट्ट धरतो, कारण त्याचं तिच्यावर आणि तिच्या गाण्यावर प्रेम आहे. ते खोटं प्रेम नाही. म्हणून तर पुढचं सगळं इतकं लागतं.

आपल्याकडे षड्रिपू मोजताना काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर असा क्रम लावतात. मत्सर शेवटचा, आणि त्याच्या आधी मद. 'मीत ना मिला' पुन्हा ऐका. सगळी दुनिया पायाशी आहे, फक्त मनाजोगता सोबती तेवढा मिळत नाही, अशी त्या गाण्याची ऐट आहे. किशोरकुमारांनी ते मोकळ्या गळ्यानं, मान वर करून गायलंय. तो मद आहे, आणि तो गोडच वाटतो, कारण अजून कुणी समोर आलेलं नाही. समोर कुणी आलं की त्याचं काय होतं ते पुढच्या गाण्यांत आहे. तुम्ही यादीतून उमाची एकटीची गाणी काढता तेव्हा ते 'पुढचं'च निघून जातं. मग उरतात सहजीवनाची तीन गोड युगुलगीतं, आणि 'अभिमान' कशाबद्दल होता हे हॉलमधल्या तरुण मुलांना कळायला मार्गच उरत नाही.

आपल्या रंगभूमीनं मत्सर हसवायला वापरला. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मधल्या फाल्गुनरावाला आपण शंभर वर्षं हसतो आहोत, आणि त्यात वावगं काही नाही. पण फाल्गुनरावाचा संशय चुकीचा असतो. गैरसमज दूर झाला की पडदा पडतो. सुबीरची गोष्ट वेगळी. त्याला जे दिसतंय ते खरं आहे. बायको खरोखरच त्याच्यापेक्षा चांगली गाते. निर्माते तिला जास्त पैसे देतात. यात गैरसमज कुठे आहे जो दूर करावा?

'अभिमान' या शब्दापाशीही जरा थांबायला हवं. मराठीत आपण 'मला तुझा अभिमान वाटतो' असं म्हणतो आणि ते कौतुक असतं. फार तर 'दुरभिमान' हा दोष. बंगालीत या शब्दाची छटा वेगळी आहे. तिथे अभिमान म्हणजे आपल्याच माणसानं दुखावलं की मनात साठून राहतं ते. त्यात रुसवा आहे, माया आहे, आणि 'मी सांगणार नाही, त्यानंच ओळखायला हवं' हा हट्ट आहे. परक्यावर असा अभिमान धरता येत नाही. दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी बंगाली, सचिनदा बंगाली, जया भादुरी बंगाली. मला नेहमी वाटतं की या सिनेमात दोन अभिमान आहेत. एक सुबीरचा, आपल्या मराठी-हिंदी अर्थाचा, मान वर करणारा. दुसरा उमाचा, बंगाली अर्थाचा, बोलणंच थांबवणारा. आपण पहिल्याचीच चर्चा करतो. दुसरा ऐकायचा असेल तर 'पिया बिना' ऐकावं लागतं, दुसरीकडे तो सापडत नाही.

सचिनदा आणि लताबाई यांच्यामध्येही असाच एक दुरावा येऊन गेला होता. १९५७च्या सुमाराला काहीतरी बिनसलं आणि पुढची साधारण पाच वर्षं त्यांच्याकडे लताबाई गायल्या नाहीत. 'सुजाता', 'काला पानी' त्या काळातले, आशाबाई आणि गीता दत्त यांच्या आवाजातले. मग 'बंदिनी'त 'मोरा गोरा अंग लइ ले' आलं. 'अभिमान'च्या वेळी सचिनदा सहासष्ट वर्षांचे होते. तोवर त्यांना फिल्मफेअर एकदाच मिळालं होतं, 'टॅक्सी ड्रायव्हर'साठी. दुसरं मिळालं ते 'अभिमान'चं. त्यानंतर दोन वर्षांतच, ऑक्टोबर १९७५ला ते गेले. ज्या माणसानं अबोल्याची पाच वर्षं स्वतः काढली होती, त्यानंच रुसलेल्या बाईसाठी ही चाल केली. मी ते गाणं शिकवायला बसते तेव्हा मला हे हमखास आठवतं.

'पिया बिना' शिकवणं अवघड आहे. वरवर वाटतं साधं गाणं, फार ताना नाहीत, फार वर जायचं नाही. पण पहिला 'पिया' म्हणताना आवाज टाकायचा नसतो, ठेवायचा असतो. बायका जोर लावतात, कारण माइकची सवय. मी पेटी बंद करते आणि म्हणते, बाजूच्या खोलीत कुणी झोपलंय असं समजून म्हण. प्रियकर नाही तर बासरी वाजत नाही, एवढाच गाण्याचा आशय. पण गंमत बघा, बासरी तर गाण्यात वाजतेच आहे. गाणारी म्हणते वाजत नाही आणि आपल्याला ऐकू येते. त्या दोन गोष्टींच्या मधली जागा म्हणजे हे गाणं. माझ्या विद्यार्थिनीला ही जागा सापडायला अडीच महिने लागले. एका मंगळवारी ती गात होती, बाहेर भाजीवाला ओरडत होता, वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली, आणि तिनं 'बाजे ना'चा 'ना' इतका हलका सोडला की समोर बसलेल्या दोघींनी वहीतून डोकं वर काढलं. तिला स्वतःला कळलं नव्हतं. मी म्हटलं, "आलं." ती म्हणाली, "काय आलं, ताई?"

ते तुमच्या स्टेजवर यायला हवं होतं.

त्या ऐवजी काय झालं ते सांगते. 'तेरी बिंदिया रे'च्या तालमीत तिच्या नवऱ्याला रफीसाहेबांच्या वरच्या जागा जमेनात. त्यात त्यांचा काहीच दोष नाही, भल्याभल्यांना जमत नाहीत. मग ट्रॅक दोन सूर खाली घेतला. युगुलगीतात पट्टी नेहमी पुरुषाच्या सोयीनं ठरते, हे तुम्हाला सांगायला नको. ट्रॅक खाली आला की बाईची ओळ पार मंद्रात जाते, तिथे तिच्या आवाजाला बूडच सापडत नाही, नुसती हवा येते. मग लोक म्हणतात, "बरी गायली, पण आवाजात दम नाही." असं ऐकून घेतलेल्या निदान दहा जणी माझ्या क्लासमध्ये आहेत. एकीच्याही आवाजात दम कमी नाही. त्यांना कधी त्यांच्या पट्टीत गाऊ दिलं गेलं नाही, इतकंच.

तरी त्या संध्याकाळी ती छान गायली. एका अंतऱ्यानंतर तिनं छोटासा आलाप घेतला, दोन-अडीच सेकंदांचा, आणि हॉलमध्ये एक 'वाह' उठली. गाणं संपल्यावर निवेदक पुढे आले आणि तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, सांभाळा हं! वहिनी तुमच्यापेक्षा भारी गातात. उद्या घरात 'अभिमान' व्हायचा!"

सगळा हॉल हसला. तिचे मिस्टरही हसले. ती खाली मान घालून माइक स्टँडला लावत होती, आणि तो नीट बसत नव्हता.

निवेदक मंडळींनो, आता 'अभिमान'मधला हाच प्रसंग आठवा. लग्नानंतरचा स्वागतसमारंभ. सुबीर आणि उमा पाहुण्यांसमोर गातात, आणि गाणं नेमकं हेच, 'तेरी बिंदिया रे'. पाहुण्यांमध्ये संगीताचे जाणकार ब्रजेश्वर राय बसलेले असतात, डेव्हिड यांनी ती भूमिका केली आहे. सगळे टाळ्या वाजवत असताना त्यांचा चेहरा काळजीत पडतो. ही मुलगी नवऱ्यापेक्षा गुणी आहे, आणि याचं पुढे काय होणार, असं ते बोलून दाखवतात. पण ते सुबीरच्या खांद्यावर हात ठेवून, चारचौघांत, माइकवरून बोलत नाहीत. ज्याला ऐकू येतं त्याला धास्ती वाटते, आणि तो ती आपल्यापाशी ठेवतो. आपण त्याच गाण्याच्या शेवटी त्याच वाक्याचा विनोद करून टाकला, आणि तो नेमका ज्यांना लागू शकत होता त्यांच्यासमोर.

तिचे मिस्टर वाईट नाहीत. हे मी कुणाला वाचवण्यासाठी म्हणत नाही. पावसात स्कूटरवर तिला क्लासला सोडायला येणारे तेच. तिला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणून दिला त्यांनीच, आणि तो लावायचा कसा हे मला विचारायला दोनदा फोन केला. पण त्या कार्यक्रमानंतरच्या मंगळवारी त्यांच्याकडे पाहुणे होते. पुढच्या मंगळवारी तिच्या मुलाची परीक्षा. त्याच्या पुढच्या मंगळवारी स्कूटर बिघडली. मग तिनं कारणं सांगणंही थांबवलं. मी फोन केला तर म्हणाली, "ताई, घरचंच बघते सध्या." आवाज अगदी शांत होता. मला वाटतं, हाच तो बंगाली अभिमान.

एका वाक्यानं कुणाचं गाणं सुटत नाही, असं तुम्ही म्हणाल. मान्य. आधी काहीतरी साचलेलं असणार, घरात कुठेतरी ते होतंच. पण त्याला तोंड आपण फोडलं. आणि तिनं 'पिया बिना' एकटीनं म्हटलं असतं तर ही तुलना तरी झाली नसती. शेजारी उभं करून दोघांना एका काट्यावर आपणच तोललं.

'अभिमान'च्या कथेशी लोक कधी किशोरकुमार आणि त्यांच्या पहिल्या पत्नी रुमा गुहा ठाकुरता यांचं नाव जोडतात, कधी रविशंकर आणि त्यांच्या पहिल्या पत्नी अन्नपूर्णादेवी यांचं. मला त्या वादात पडायचं नाही. पण अन्नपूर्णादेवी आपल्या मुंबईतच राहिल्या, २०१८मध्ये जाईपर्यंत. सूरबहार वाजवणारी इतकी मोठी बाई जाहीर मैफलींपासून दूर झाली आणि घरात बसून शिष्य घडवत राहिली. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया यांना त्यांनी शिकवलं. ते काम थोर आहेच. पण ज्या मैफली झाल्याच नाहीत त्या आपल्यापैकी कुणालाच कधी ऐकायला मिळणार नाहीत. सिनेमाच्या बाबतीतही असंच. 'अभिमान' आला तेव्हा जया भादुरी अमिताभपेक्षा मोठं नाव होतं. 'गुड्डी' १९७१चा. 'जंजीर' 'अभिमान'च्या दोन-अडीच महिने आधी आला, लग्न जूनमध्ये झालं, आणि जुलैअखेर हा सिनेमा लागला. या भूमिकेसाठी जयाबाईंना फिल्मफेअर मिळालं. पुढे संसारात त्या पडद्यावर फार थोड्या दिसल्या. तो त्यांचा निर्णय, त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. प्रेक्षक म्हणून एवढंच म्हणेन की त्या आणखी दिसायला हव्या होत्या.

आता शेवटच्या गाण्याविषयी. 'तेरे मेरे मिलन की ये रैना' तुम्ही लग्नाच्या संगीत-संध्येत घेता, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घेता, साठीशांतीला घेता. घ्या, जरूर घ्या. मजरूहसाहेबांचे शब्द सुंदर आहेत, आणि रवींद्रनाथांच्या 'जोदि तारे नाइ चिनि गो'वरून सचिनदांनी चाल काय बांधली आहे! पण कार्यक्रम जर 'अभिमान'चा असेल तर निवेदनात एक वाक्य असं असू द्या की हे गाणं आनंदाच्या प्रसंगाचं नाही. त्या दोघांचं मूल जन्माला येण्याआधीच गेलेलं आहे. उमा बोलेनाशी झाली आहे, रडतही नाही. अंगणात फूल फुलेल, बाळ येईल, अशी स्वप्नं रंगवणारं गाणं सुबीर तिच्यासमोर म्हणतो, कारण तिच्या आत गोठलेलं काहीतरी फुटायला हवं आहे. ती रडते, आणि मग तिचा आवाज येतो. किशोरकुमार आणि लताबाई या गाण्यात एकमेकांच्या मागून येतात, ते निवांत प्रेमिकांसारखे येत नाहीत. तो हात पुढे करतो आणि ती तो हात धरेल की नाही, हे तिच्या पहिल्या ओळीपर्यंत ठाऊक नसतं. गाणाऱ्या जोडप्याला हे सांगितलंत तर ते वेगळं गातील. मी सांगून पाहिलं आहे. पुरुष आपोआप हळू सुरू करतात.

या शेवटच्या गाण्याबद्दल माझ्या मनात एक खंतही आहे, तीही लिहून टाकते. उमा परत गाते, पण ती पुन्हा त्याच्याबरोबर गाते. एकटीनं पुन्हा गायली का, ते सिनेमा दाखवत नाही. हृषीदांनी तिथेच थांबायचं ठरवलं. सिनेमा म्हणून ते बरोबरच आहे, नाहीतर समेट कसा दिसणार? पण तुमचा कार्यक्रम म्हणजे सिनेमा नाही. तुम्हाला क्रम ठरवता येतो. हे गाणं शेवटून दुसरं ठेवा आणि शेवटी एखादी बाई एकटी येऊन 'अब तो है तुमसे हर खुशी अपनी' म्हणू दे, किंवा 'नदिया किनारे' म्हणू दे. ज्या गाण्यापुढे 'वेळ उरल्यास' लिहिलं होतं, त्यानं कार्यक्रमाचा शेवट करून बघा.

पब्लिक चहाला उठेल ही भीती मला समजते. माझ्या अनुभवात पब्लिक उठतं ते गाणं हळू आहे म्हणून नाही, तर गाणारी चुकीच्या पट्टीत, न बसलेलं गाणं, तिसऱ्या-चौथ्या तासाला थकून गाते म्हणून. बाईचं एकटीचं गाणं पहिल्या तासात ठेवा. तिला विचारा, तुझी पट्टी कोणती. काळी चार म्हणाली तर काळी चार द्या, वादकांना कुरकुर करू देऊ नका. आणि गाण्याआधी निवेदकांनी फक्त एवढं सांगावं की हे गाणं कुणाचं, कुणी लिहिलं, कुणी गायलं, आणि आता कोण गाणार आहे. तिचं पूर्ण नाव घ्यावं. 'अमुक साहेबांच्या सौभाग्यवती' असं नको.

मी हे सगळं तावातावानं लिहिलंय असं वाटलं तर क्षमा करा. पण एकोणतीस वर्षांत माझ्याकडून किती जणी अशा निघून गेल्या याचा हिशेब मी परवा करायला बसले होते. घर बदललं, बाळंतपण, आजारपण, ही कारणं असतातच, त्यांची मी यादी करत नाही. ज्या गाता गाता गप्प झाल्या त्यांच्याच वह्या बाजूला काढल्या. आमच्याकडे प्रत्येकीची वही क्लासच्या कपाटात असते. अकरा निघाल्या.

सर्वांत वरची तिची आहे. निळं कव्हर, कोपरा दुमडलेला. शेवटच्या लिहिलेल्या पानावर 'पिया बिना'चा मुखडा आणि पहिला अंतरा स्वरलिपीसह उतरवलेला आहे, 'ना'वर पेन्सिलनं गोल केलाय आणि शेजारी लिहिलंय, 'हळू, ताई म्हणतात बाजूला कुणी झोपलंय.' पुढचा अंतरा उतरवायचा राहिला आहे. पुढच्या वेळी 'अभिमान'ची गाणी बसवाल तेव्हा यादी मला एकदा दाखवा. त्यात त्या गाण्यासाठी पाच मिनिटं मोकळी असतील तर मी वही घेऊन स्वतः तिच्या घरी जाईन.

आपली,
गाण्याच्या क्लासच्या ताई,
डोंबिवली